पाठ नसलेला कोट

खुनी कोण ते पहिल्याच रिळात कळायला लागलं, तेव्हा आमच्या मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. माझं आधीच पळालं होतं, कारण त्या खुन्याच्या कोटावर माझ्या मावशीचं घर टांगलेलं होतं. पण ते सांगते नंतर. आधी कोट.

सिनेमा जुना. काळा-पांढरा, डिटेक्टिव्हचा, आपल्या आईवडिलांनी पाहून पाहून झिजवलेला. आमच्या स्टुडिओत असल्या फिल्मांची डागडुजी चालते. ओरखडे काढायचे, डाग पुसायचे, तुटलेलं सांधायचं आणि हल्लीची नवी टूम म्हणजे त्यांत रंग भरायचे. रंगाचं खातं माझं. गोष्ट अशी, की एक श्रीमंत म्हातारा आपल्या अभ्यासिकेत मरून पडलाय आणि त्याच्या मुठीत लोकरीचा एक धागा आहे. घरात बायका तीन: म्हाताऱ्याची दुसरी बायको, त्याची टायपिस्ट आणि त्याची भाची. तिघींकडे लांब लोकरी कोट. शेवटी डिटेक्टिव्ह टायपिस्टच्या बाहीची दुमड उलटवतो आणि आतली उसवलेली जागा दाखवतो. तोवर सगळं राखाडी. कोट राखाडी, धागा राखाडी, त्यामुळे डिटेक्टिव्हबरोबर प्रेक्षकही डोकं खाजवत बसतो.

मालकांना हवे होते तीन रंगांचे तीन कोट. लाल, हिरवा, निळा. पोस्टरवर उठून दिसतील म्हणे. मी तसे रंगवून दाखवले. मुठीतला धागा पडदाभर मोठा दिसतो, तो लाल केला. पुढच्याच प्रसंगात टायपिस्ट लाल कोट घालून दारातून आत आली. झालं! पोराटोरांनीही सांगितलं असतं.

"मग धागा राखाडीच ठेवा ना," मालक म्हणाले.

"आणि शेवटी डिटेक्टिव्ह तो राखाडी धागा लाल बाहीला लावून 'हाच तो' म्हणेल, तेव्हा लोक काय करतील? टाळ्या वाजवतील?"

मालक माझ्याशी फार वाद घालत नाहीत. माझी जीभ त्यांना ठाऊक आहे. "शुक्रवारपर्यंत काहीतरी ठरवा बाई," म्हणाले आणि कपाळाला हात लावून निघून गेले.

आता मावशी. मला वाढवलं ते हिनेच. मी लहान असतानाच आई गेली, मग मावशी मला घेऊन आली आणि तिच्या मुलाबरोबर, म्हणजे दादाबरोबर, मलाही तिने एकाच ताटात जेवू घातलं. तरुणपणी ती या सिनेमाच्या कपडेपटात होती. शिवायची, रंगवायची, इस्त्री मारायची. आता ती ऐंशी ओलांडून गेलीय. तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते.

रंग भरायचं ठरलं तेव्हा मी सहज तिला विचारायला गेले होते. कारण राखाडीला रंग विचारता येत नाही. लाल असो की हिरवा, फिल्मवर दोन्ही एकाच राखाडीत जाऊन बसतात. ज्यांनी ते कपडे डोळ्यांनी पाहिले, त्यांतली माणसं किती उरलीत? मावशी म्हणाली, "पांढरे शर्ट पांढरे नव्हते बरं का. पांढरं कॅमेऱ्यात डोळ्यांवर यायचं, म्हणून आम्ही ते चहात बुडवायचो. सगळे पुरुष चहाच्या वासाचे!" आणि स्वतःच खुदकन हसली. मी ते शर्ट मळकट पिवळसर केले आणि खरंच, चेहरे एकदम जिवंत दिसायला लागले.

एवढंच. चहाचे शर्ट. एवढ्याच भांडवलावर मी पुढचा मूर्खपणा केला.

झालं काय, की मावशीने गॅसवर दूध ठेवलं आणि विसरली. भांडं करपून कोळसा झालं, धूर जिन्यात आला, शेजारणीने दादाला फोन केला. दादा दुसऱ्या शहरात असतो. तो रजा टाकून आला तो एका वृद्धाश्रमाचे फोटो घेऊनच. बाग, व्हरांडा, पांढऱ्या चादरी. मावशीच्या स्वयंपाकघरात उभं राहून त्याने मला ते फोनवर दाखवले आणि माझा भडका उडाला.

"तिच्या घरातून तिला उचलून नेणार तू? भांडं करपलं म्हणून?"

"भांडं नाही, आई करपली असती. तिला काही आठवत नाही गं. परवा तिने मला दोनदा विचारलं, तू कधी आलास म्हणून."

"काही आठवत नाही? अरे, तिच्या आठवणीवर आमचा अख्खा सिनेमा रंगतोय!"

धडधडीत थाप. पण एकदा तोंडातून गेली ती गेली. दादा हिशेबी माणूस. रागावत नाही, आवाज चढवत नाही, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त राग येतो. त्याने फोन खिशात टाकला.

"बरं. मग सिनेमाच ठरवू दे. आई जे सांगेल ते तुमच्या त्या फिल्मशी जुळलं, तर मी मुकाट्याने परत जातो. नाही जुळलं, तर तू मध्ये पडायचं नाहीस. मंजूर?"

"मंजूर," मी म्हणाले. तोऱ्यात.

मावशी आमच्याकडे पाठ करून पाव कापत होती. तिने सुरी थांबवली नाही. नंतर तिने चहा ओतला आणि दादाला विचारलं, "साखर किती घालू रे?" दादाने साखर सोडून वर्षं झालीत. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला.

तेव्हापासून माझी झोप उडाली ती उडालीच. दिवसभर स्टुडिओत बसून मी राखाडी माणसांना कातडी चढवायची आणि संध्याकाळी मावशीचे तीन जिने चढायचे. रोज. दादा तिच्याकडेच उतरला होता, पण दिवसभर बाहेर असायचा. बँक, डॉक्टर, तो वृद्धाश्रम. त्याची आपली कामं चाललेली. मी जायचे तेव्हा मावशी एकटीच असायची.

दर वेळी दार उघडंच. "मावशी, कुलूप-कडी काही आहे की नाही? कोणीही आत शिरेल!" मी ओरडायचे. आत गेलं की भर उजेडात सगळ्या खोल्यांतले दिवे चालू, रेडिओ चालू, आणि बैठकीतली तिची खुर्ची कोणी तरी, म्हणजे तिनेच, दाराच्या तोंडाशी आणून ठेवलेली. मी दिवे विझवत, खुर्ची जागेवर ढकलत आत जायचे. हे सगळं दादाच्या नजरेस पडलं तर त्याच्या यादीत भरच पडेल, एवढंच माझ्या डोक्यात. ती म्हणायची, "असू दे गं दिवे. सोबत असते."

मग मी कागद-पेन्सिल काढायचे.

"अभ्यासिकेतला गालिचा?"

"डाळिंबी. कडेला पिवळी वेल. सुंदर होता मेला, पण त्यात पिसवा होत्या."

"आणि पडदे?"

मावशी खिडकीतून बाहेर बघायची. बघत बसायची. "पडद्यांचं उद्या सांगते. आज डोकं चालत नाही."

रोज हेच. एक गोष्ट पटकन सांगायची, खुलून, हसत, अगदी पिसवांसकट. दुसरी विचारली की डोकं चालत नाही. मी जिना उतरताना मनातल्या मनात म्हणायचे, एवढंच उरलंय हिच्याकडे, रोजचं एक चमचाभर. एक दिवस तेही संपेल आणि तो दिवस शुक्रवारच्या आधी येऊ नये. देवाशी मी अशी घासाघीस कधी केली नव्हती.

कोटाचं मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. भीतीच वाटत होती विचारायची. शेवटी मालकांनी तो तिढा माझ्या गळ्यात टाकला तेव्हा विचारावंच लागलं.

"मावशी, त्या तीन कोटांचे रंग काय होते?"

"कुठले तीन?" ती म्हणाली. "कोट एकच होता."

माझ्या हातातली पेन्सिल तशीच राहिली.

"अगं तीन बायका. तीन कोट. सगळी गोष्टच त्याच्यावर आहे."

"गोष्टीत असतील तीन. कंपनीकडे कापड एकाचंच होतं. वांगी रंगाचा, जाड लोकरीचा. मी बटणं बदलायची. बायकोला मोठी शिंपल्याची, टायपिस्टला काळी, भाचीला कापडाची मढवलेली. एकीचं काम झालं की दुसरीच्या अंगावर. गरमागरम कोट चढायचा त्यांच्या अंगावर, शिव्या घालायच्या मला." आणि पुन्हा ते खुदकन हसणं.

मी घरी जाता जाता विचार केला आणि रस्त्यातच थबकले. एकच कोट! म्हणजे तिन्ही कोट एकाच रंगाचे. म्हणजे धागा तिघींपैकी कोणाचाही असू शकतो. म्हणजे खुनी शेवटपर्यंत लपतो! मालकांचा तिढा सुटला आणि मावशीही जिंकली. एका दगडात दोन पक्षी म्हणतात ते हेच असणार.

दुसऱ्या दिवशी डागवाल्याला पकडलं. डागवाला म्हणजे आमचा फिल्म साफ करणारा. नाव त्याचंही आहे काहीतरी, पण अख्खा स्टुडिओ त्याला डागवालाच म्हणतो. तो फिल्मवरचा कणही सोडत नाही आणि लोकांच्या शर्टावरचाही. त्याला म्हटलं, तिन्ही कोट मोठे करून दाखव. त्याने दाखवले. डाव्या खिशाच्या कोपऱ्याला रफू. बायकोच्या कोटाला, टायपिस्टच्या, भाचीच्या. तेच रफू, तेच तिरके टाके.

"च्यायला!" डागवाला म्हणाला. "मी हे डाग समजून पुसायला निघालो होतो."

मी दादाला लगेच फोन केला. वाटच बघत होते तशी. तो ऐकून घेऊन म्हणाला, "छान. बघतो मी." त्या "बघतो मी"नेच मला धास्ती घातली. दादा लहानपणी पत्ते खेळतानाही असाच म्हणायचा आणि मग जिंकायचा.

तो खरंच बघत बसला. जुनी काळी-पांढरी प्रत लॅपटॉपवर लावून, थांबवून, मागे-पुढे करून. सिनेमातल्या डिटेक्टिव्हपेक्षा जास्त चिकाटीने. दुपारी तो थेट स्टुडिओत आला, माझ्या टेबलापाशी उभा राहिला आणि लॅपटॉप उघडला.

दिवाणखान्याचा प्रसंग. डिटेक्टिव्ह सगळ्यांना गोळा करतो तो. म्हाताऱ्याची बायको शेकोटीपाशी उभी, अंगात कोट. टायपिस्ट टेबलामागे उंच पाठीच्या खुर्चीत बसलेली, अंगात कोट. एकाच चौकटीत. दोघी, दोन कोट.

"एकच कोट होता ना?" दादा म्हणाला. आवाजात विजय नव्हता, हे कबूल करते. थकलेला होता तो. "आईला आठवत नाही गं. ती मनाने रचते. तिला वाटतं तसंच होतं, म्हणून हसत हसत सांगते. तिच्यावर राग नाही माझा."

"रफूचं काय?"

"दोन कोट असतील. एक तिघींत फिरवलेला आणि एक जास्तीचा. आई म्हणाली एक. तू म्हणालीस मंजूर."

मी त्या चौकटीकडे बघत राहिले. हा प्रसंग मी किती वेळा पाहिला असेन! कितीदा त्या कोटांच्या कडा रेखल्या असतील आणि एकदाही मनात आलं नाही, की दोघी एकत्र आहेत. रंगवणाऱ्याचं हे असंच असतं. माणूस दिसत नाही, पृष्ठभाग दिसतो.

त्या संध्याकाळी मी जिना धावत चढले. दार उघडं, दिवे चालू, खुर्ची दाराशी. या वेळी मी खुर्ची ढकलली नाही, तिच्यापुढे जमिनीवरच बसले.

"मावशी, नीट आठव. दिवाणखान्यात दोघींच्या अंगात कोट आहे. बायको आणि टायपिस्ट. एकाच वेळी. दुसरा कोट कुठून आला?"

तिने माझ्या केसांवरून हात फिरवला. "किती धापा टाकतेस! पाणी पी आधी."

"पाणी नको मला. दुसरा कोट!"

ती खिडकीकडे बघायला लागली. ते बघणं मला पाठ झालं होतं.

"ते ना... उद्या सांगते. आज डोकं—"

"उद्या नाही!" मी किंचाळलेच. "उद्या-उद्या काय लावलंयस? आठवत नसेल तर नाही म्हण! तुला कळतंय का काय चाललंय ते? दादा तुला घेऊन जाईल. हे घर, ही खिडकी, सगळं जाईल. तुझ्यासाठी मी तिथे सगळ्यांशी भांडतेय आणि तू मला उद्या ये म्हणतेस!"

जन्मात तिच्यावर आवाज चढवला नव्हता. ती दचकली नाही. फक्त तिचा हात माझ्या डोक्यावरून खाली आला आणि मांडीवर जाऊन पडला. "चिडू नकोस गं," ती म्हणाली. "उद्या ये. सांगते ना."

जिन्यात मी भिंतीला टेकून रडले. शेजारीण दार किलकिलं करून बघत होती, तिलाही डोळे वटारले.

गुरुवारी मालक माझ्या मागे मागे फिरत होते. वांगी ठरवायचं का? सगळे कोट वांगी करायचे का? मी म्हटलं, थांबा. ते म्हणाले, उद्या प्रत दाखवायचीय. मी म्हटलं, थांबा म्हटलं ना! डागवाल्याने माझ्यासमोर चहा ठेवला, तो तसाच निवला. माझ्या डोळ्यांपुढे सारखी ती पांढरी चादर येत होती आणि तिच्यावर मावशीचे हात.

संध्याकाळी गेले तेव्हा मावशी तयारच बसली होती. बहुतेक माझ्या कालच्या आरड्याओरड्याने घाबरली असावी, खिडकीकडे न बघता एका दमात बोलली.

"दुसरा कोट नव्हता. नुसता पुढचा भाग होता. कॉलर, पुढचे दोन पल्ले आणि बाह्या. उरलेल्या तुकड्यांतून मी बेतला. पाठीला कापड पुरलंच नाही, तर पाठ कशाची लावू? टायपिस्टला तो पुढून चढवला, मागे नाड्यांनी बांधला आणि उंच पाठीच्या खुर्चीत बसवलं. बाईला ताकीद दिली होती, काहीही झालं तरी उठायचं नाही. उठलीस तर मागून नुसता झगा दिसेल. बिचारीला थंडी वाजत होती पाठीला."

मी आ वासून बसले.

आता हे समजायला हवं, की त्या प्रसंगात बाहेरून किंकाळी येते. सगळे खिडकीकडे धावतात, बायको, बिनकोटाची भाची, नोकर, डिटेक्टिव्ह. एकटी टायपिस्ट उठत नाही. मान वळवते, बस्स. सिनेमावर लिहिणाऱ्यांनी त्या न उठण्यावर पानंच्या पानं लिहिलीत. खुन्याचं थंड रक्त, अभिनयाची कमाल, दिग्दर्शकाने पेरलेला धागा, काय न् काय. आणि बाईच्या कोटाला पाठ नव्हती!

मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. कारण लगेच मनात आलं, हेही रचलेलं असलं तर? दादाचा शब्द डोक्यात किडा होऊन बसला होता. मावशी गोष्टी सांगण्यात पटाईत. न उठण्याचं कारण तिने आत्ता, माझ्या ओरडण्याच्या भीतीने, जुळवून आणलं नसेल कशावरून?

शुक्रवारी सकाळी डागवाल्याला म्हटलं, दिवाणखाना काढ. टायपिस्टच्या खांद्यामागे काहीही दिसलं, केसाएवढं दिसलं, तरी मला हवंय. तो एकेक चौकट सरकवत गेला. मी नखं खात उभी. खुर्चीची पाठ उंच, बाई तिला चिकटून बसलेली. काही नाही. काही नाही. मग किंकाळीवर ती मान वळवते, तिचा उजवा खांदा जरा पुढे येतो आणि—

"थांब!"

खांद्याच्या मागे, खुर्चीच्या कडेच्या आत, एक फिकट पट्टी. झग्याचं कापड. आणि तिच्यावरून आडवी गेलेली एक काळी रेघ.

"हा ओरखडा आहे," डागवाला म्हणाला. "मीच पुसणार होतो दुपारी." त्याने तो मोठा केला. ओरखडा नव्हता. नाडी होती. तिला गाठ होती.

मी डागवाल्याला मिठीच मारली. तो लाजून लाल, रंग न भरताच.

दुपारी दादा मावशीला घेऊन आला. मीच बोलावलं होतं. छोट्या दालनात त्यांना पुढच्या रांगेत बसवलं, मालक मागे उभे. वांग्याच्या रंगाचे कोट, डाळिंबी गालिचा, चहात बुडवलेले शर्ट. मावशी अगदी शांत बघत होती. दिवाणखाना आला, किंकाळी आली, आणि मी चित्र थांबवून ती गाठ पडदाभर मोठी केली.

"पाठ नसलेला कोट," मी म्हणाले. "तिने मला काल सांगितलं, आम्हाला आज सापडलं."

दादा उठून पडद्याजवळ गेला. त्या नाडीच्या गाठीवर त्याने बोट ठेवलं. मग परत आला आणि आईपुढे वाकला. "चुकलो आई," म्हणाला. "तू घरीच राहा. मी पुन्हा विषय काढणार नाही." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं. मालक टाळ्या वाजवायला लागले, मग आपण एकटेच वाजवतोय हे बघून थांबले.

मी मावशीकडे बघितलं. मला वाटलं होतं, ती हसेल, ते खुदकन हसणं. ती आपल्या पदराशी... नाही, तिच्या अंगात स्वेटर होता, त्याच्या बटणाशी चाळा करत होती.

"त्या तिथे," तिने दादाला विचारलं, "त्या बागेच्या जागेत, संध्याकाळी माणसं असतात का रे?"

दादाने माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे जेवायला सगळे एकत्र बसतात का? की आपापल्या खोलीत?"

"एकत्र बसतात," दादा म्हणाला. "पण आई, तुला जायचं नाहीये आता."

"मला कोणी विचारलंच नाही," मावशी म्हणाली. रागाने नाही, आपलं सांगावं तसं. "तुम्ही दोघं भांडत होतात, पैजा लावत होतात. ही तर इतकी हिरीरीने भांडत होती, की मला वाटलं, आता बोलले तर पोरीचा हिरमोड होईल. त्याच्याही आधी एकदा न्हाणीघरात पाय घसरला माझा. लागलं नाही फारसं, पण उठताच येईना. अख्खी दुपार खाली बसून होते. हाका मारल्या. कडी लावलेली होती ना, कोण येणार? तेव्हापासून दार उघडंच ठेवते. खुर्ची दाराशी ओढते. जिन्यात कोणाचं पाऊल वाजलं की बरं वाटतं."

दिवे. रेडिओ. खुर्ची. मी रोज येऊन एकेक विझवत होते, जागेवर ढकलत होते. सगळा पुरावा रोज माझ्या हातांखालून जात होता आणि मी त्याला डाग समजून पुसत होते.

"पण मग मला का नाही सांगितलंस?" मी म्हणाले. "मी रोज येत होते की!"

"येत होतीस म्हणूनच तर," मावशी म्हणाली. "मला सगळं आठवत होतं गं. कालपरवाचं नाही आठवत, साखरेचं नाही आठवत, पण त्या सिनेमाचं टाका न् टाका आठवतो. पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकलं असतं, तर दुसऱ्या दिवशी कशाला आली असतीस तू?"

मी तिच्या पायाशी बसले आणि तिच्या मांडीत तोंड खुपसलं. मालक हळूच बाहेर गेले, त्यांनी दार लोटून घेतलं.

"माझ्याकडे चल," मी म्हणाले. "आजच चल. माझ्या घरी राहा."

"तू घरी असतेस कधी?" तिने विचारलं. तिने माझ्या केसांतून हात फिरवला. "चार माणसं हवीत मला आसपास. भांडायलासुद्धा चालतील."

दादाने तिला त्याच महिन्यात तिथे नेलं. सामान मी बांधलं. बांधताना प्रत्येक गोष्टीवर चिडले, दोरीवर, खोक्यांवर, दादावर. त्याने एका शब्दाने उलट उत्तर दिलं नाही. शेवटी घराला कुलूप लावलं ते त्यानेच, माझे हात चालेनात.

सिनेमा लागला, लोकांना आवडला. वांगी कोटाचं कौतुक झालं. टायपिस्टच्या न उठण्यावर पुन्हा कोणीतरी लांबलचक लिहिलं, आता रंगांसकट. मी आणि डागवाल्याने ते मोठ्याने वाचून काढलं आणि पोट धरून हसलो.

पहिल्या रविवारी मी मावशीला भेटायला गेले. व्हरांड्यात ती बायकांच्या घोळक्यात बसली होती आणि एकीच्या स्वेटरचं बटण लावून देता देता तिला रागावत होती. मला बघून तिने सगळ्यांना सांगितलं, ही माझी मुलगी. मग आम्ही बागेत फिरलो, चहा प्यालो. तिने मला साखर किती म्हणून दोनदा विचारलं. निघायची वेळ झाली तशी मी उगाच पर्समध्ये किल्ल्या शोधत राहिले.

"एक राहिलंच बघ," ती म्हणाली. "ते अभ्यासिकेतले पडदे."

"शेवाळी," मी म्हणाले. "तूच सांगितलंस."

"चुकीचं सांगितलं. खरा रंग वेगळाच होता."

क्षणभर जुनी धास्ती उसळली. सिनेमा गावोगाव लागलेला, पडदे प्रत्येक रिळात! मग मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती खिडकीकडे बघत होती. म्हणजे खिडकी नव्हतीच तिथे, नुसती भिंत होती.

"मग खरा कुठला?"

"आज डोकं चालत नाही," मावशी म्हणाली. "पुढच्या रविवारी सांगते."

पडदे शेवाळीच होते. सिनेमातल्या पडद्यांचीच नक्षी असलेली, त्याच शेवाळी कापडाची एक जुनी उशी तिच्याच घरातल्या खोक्यात मी माझ्या हाताने भरली होती. पण मी वाद घातला नाही. रविवारी किती वाजता येऊ, एवढंच विचारलं.